अठ्ठावीस नंबरचा वाफा

मला पाटीवाली म्हणतात. विद्यापीठाच्या बागेत दर बुधवारी फुकट राबणाऱ्या आम्हा दहाबारा जणींत वाफ्यांच्या पाट्या माझ्याकडे, म्हणून. पाटीवर नुसता नंबर. दर वर्षी लोकांनी पाठवलेल्या फुलांच्या वाणांची इथे चाचणी होते; कुठल्या नंबरात कुणाचं वाण, ती यादी माझ्या कपाटात कुलूपबंद. गुण देणाऱ्यांना कळलं तर वशिलेबाजी होते. नऊ वर्षांत माझ्या तोंडून एक नंबर फुटलेला नाही.

गेल्या वर्षी मास्तरीणबाई आल्या. पाहुण्यांना बाग दाखवायची फेरी तेव्हा माझी होती. यांचा आवाज गोड, गोष्टी रंगवून सांगायची सवय. बागप्रमुखांनी फेरी त्यांना देऊन टाकली. मला म्हणाले, "तुम्ही जरा तुसड्या वाटता हो लोकांना." तुसडी! नऊ वर्षं उन्हात कंबर मोडून घेतली ती या तुसडीनंच ना? मला बाईंचा राग आला, आणि तो गेला नाही.

या वर्षी झिनियाच्या फुलांच्या चाचणीत बाईंनी नवऱ्याचं वाण दिलं. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला.

"अकरा वर्षं तो माणूस गच्चीवर फुलांशी खटपट करत बसला," त्या मला म्हणाल्या, "आणि मी रागानं एकदाही वर गेले नाही. पाकिटावर 'लाल' लिहिलंय, तेवढंच मला ठाऊक. होतं नव्हतं ते सगळं बी दिलंय, दाणा मागे ठेवला नाही. पहिल्या तिनांत आलं तर विद्यापीठ सांभाळेल ना हो? त्याचं नाव राहील."

"बघू," मी म्हटलं.

लाल वाफे दोनच, शेजारी शेजारी. सत्तावीस भडक, ताठ, भरगच्च. अठ्ठावीस बुटकं, जरा विटकरी, पण पाकळीला अशी मऊ चमक की मीसुद्धा थांबून बघायची.

एक दिवस बाई सत्तावीसपाशी उभ्या, डोळे भरलेले. "हेच ना हो? सांगू नका, नुसती मान हलवा."

मी मान हलवली नाही. फक्त हसले. एका अक्षरानं खोटं बोलले नाही मी.

मग काय विचारता! बाई रोज यायला लागल्या, सत्तावीसला लेकरासारखं जपू लागल्या. चाचणीत औषध मारायला बंदी. अळ्या हातानं वेचून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. पण बाईंना जीव मारवेना. त्या अळी अलगद उचलून शेजारच्या अठ्ठावीसवर सोडायच्या. "जा बाई, तिकडे जेव," असं वर म्हणायच्या. दुसरीनं हे केलं असतं तर मी तिची बिनपाण्यानं हजामत केली असती. बाईंना काही बोलले नाही.

अठ्ठावीसची चाळण झाली. गुण लागले: सत्तावीस पहिलं, अठ्ठावीस शेवटचं. शेवटची पाच वाणं बी झडायच्या आत उपटून कुट्टीच्या यंत्रात घालायची, असा नियम. अठ्ठावीस बाईंनीच उपटलं, गुणगुणत. "कुणाचं असेल बिचाऱ्याचं!" म्हणाल्या. यंत्रातून भुसा पडला.

दुपारी बागप्रमुखांनी यादी वाचली. सत्तावीस एका बियाणं कंपनीचं. अठ्ठावीसपुढे बाईंच्या नवऱ्याचं नाव.

बाई आपल्या बोटांकडे बघत बसल्या. मग उठून माझ्याकडे आल्या.

"तुम्हाला माहीत होतं."

"नियम आहे, बाई. नंबर फोडता येत नाही."

"अळ्यांचं तरी सांगायचं होतं. तो नियम नव्हता का?"

मी पाट्या गोळा करायला लागले.

"एखादं सुकलेलं फूल राहिलं असेल का हो कुठे?" बाईंनी विचारलं. "एकच दाणा मिळाला तरी चालेल मला."

प्रत्येक वाफ्यातलं एक फूल नोंदीसाठी काढून ठेवायचं कामही माझंच. अठ्ठावीसचं सुकलेलं फूल माझ्या एप्रनच्या खिशात होतं. हात आत गेला, बी बोटांना लागलं.

"नाही हो," मी म्हटलं. "सगळं यंत्रात गेलं."

बाई पुन्हा बागेत आल्या नाहीत. फेरी परत माझ्याकडे आली. पहिल्या फेरीच्या बुधवारी एप्रन घालताना खिशात हाताला काहीतरी खरखरीत लागलं. खिसा उलटा करून मी ते केराच्या डब्यात झटकलं. बाहेर पाहुणे थांबले होते.