पुसलेला गाल

फोटोवाल्या काकांना सगळी गल्ली मागून ‘गुळगुळीत काका’ म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. समोर कितीही पुटकुळ्यांचा चेहरा बसो, फोटोत तो लोण्यासारखा यायचा. निगेटिव्ह उजेडावर धरायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि टोकदार शिसपेन्सिलीनं एकेक डाग भरून काढायचा, यात काकांचा हातखंडा होता.

आता स्टुडिओ बंद होता. बायको तर केव्हाच गेली होती, मुलगी शाळेतही जात नव्हती तेव्हा. आणि हल्ली काकांना एक गोष्ट आतून खात होती. तिचा चेहरा त्यांना आठवेनासा झाला होता. भिंतीवर तिचे फोटो होते की, हवे तेवढे! पण त्यातली ती गुळगुळीत बाई कुणी परकीच वाटायची. खऱ्या बायकोच्या डाव्या गालावर लाल चट्टा उठायचा, आणि तो काकांनी प्रत्येक फोटोतून स्वतःच्या हातानं, प्रेमानं घालवला होता.

त्या चट्ट्याचा मालक तिचं पोट. प्रवास ठरला, पाहुणे यायचे झाले, की तिच्या जेवणाचे हाल व्हायचे, पोट बिघडायचं आणि मागोमाग गाल पेटायचा. मलमं लावून तेवढ्यापुरतं भागायचं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की हिच्या पोटाचं आणि कातडीचं आतून सूत आहे. जेवणाच्या वेळा पाळा, दही-भाज्या खा, झोपा वेळेवर. तेव्हापासून सकाळी चहाचा कप देताना काका आधी तिचा गाल बघायचे.

‘‘काल काय खाल्लंस?’’

‘‘काही नाही,’’ म्हणून ती तोंड फिरवायची. गाल चुगली करायचा तो करायचाच. मग दोघंही हसत सुटायची. काय दिवस होते ते!

त्या रविवारी मुलगी आली. नव्या नोकरीच्या ओळखपत्रासाठी तिला फोटो हवा होता. तिनं गालावरचा रुमाल काढला.

‘‘बाबा, हे तेवढं घालवा हं.’’

डाव्या गालावर लाल चट्टा. काका बघतच राहिले.

‘‘जेवतेस कधी?’’

‘‘मी गाल दाखवतेय, पोट नाही.’’

‘‘जेवतेस कधी, ते सांग.’’

‘‘वेळ मिळेल तेव्हा. नाहीतर चहा-बिस्किटं. पोट कायम फुगलेलंच असतं.’’

‘‘तुझ्या आईचंही असंच होतं. चट्टासुद्धा इथेच उठायचा.’’

मुलीनं भिंतीकडे पाहिलं. ‘‘पण फोटोत तर काहीच नाही.’’

‘‘फोटोत माझी कारागिरी आहे, ती कुठाय?’’ काकांचा आवाज चिरकला. ‘‘मीच पुसून बसलोय गं तिला.’’

मुलगी म्हणाली, ‘‘पुसलंत कुठे? तुम्ही तर वरून पेन्सिल भरायचात ना? मग ती पेन्सिलच पुसा की!’’

काकांनी कपाळावर हात मारला. पेन्सिल चुकली की कापसाच्या बोळ्यानं टर्पेंटाइन लावून ते स्वतःच ती पुसत. पण जमलेलं काम पुसायचं त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं!

त्यांनी कपाटातला पत्र्याचा डबा काढला. बायकोची एक निगेटिव्ह खिडकीशी धरून, श्वास रोखून, गालावरून हलकेच बोळा फिरवला. कापूस काळा झाला. मुलीनं मोबाइलनं निगेटिव्हचा फोटो घेतला आणि त्यातलं काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं केलं.

आणि ती आली. डाव्या गालावर गडद चट्टा, ओठ दाबून हसणारी, नुकतंच काहीतरी चोरून खाल्ल्यासारखी. हीच ती. काकांना तिचा आवाजसुद्धा आठवला. डोळे वाहत होते ते त्यांनी वाहू दिले.

मोबाइलवर वाकून ते हळूच म्हणाले, ‘‘काल काय खाल्लंस?’’

मुलीला वाटलं, आपल्यालाच विचारलं. तिनं चटकन तोंड फिरवलं.

‘‘काही नाही.’’