माझ्या अंगावरची फरशी

मी झडप बोलतेय. दाराची नव्हे, खिडकीचीही नव्हे. नांदूरघाटकडच्या एका वीज उपकेंद्रात अकरा हजार व्होल्टच्या पॅनेलच्या, म्हणजे लोखंडी कपाटाच्या, डोक्यावर बसवलेली, पत्र्याची झडप.

कारखान्यात पॅनेलच्या दारासाठी जाड पत्रा कापला आणि माझ्यासाठी मुद्दाम पातळ. एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकचे चार स्क्रू. मला काय राग आला होता म्हणून सांगू! आत कधी ठिणगी पेटून स्फोट झाला, तर मीच आधी उघडून आग वर सोडायची, हे मला कुठं ठाऊक होतं?

ऑपरेटर आश्रुबा भला माणूस. दसऱ्याला पॅनेलला झेंडूची माळ घालायचा. फक्त माझ्यावर वैतागलेला. पॅनेल दिवसभर घुमायचं आणि माझा पातळ पत्रा तडतड वाजायचा. एक दिवस त्यानं शहाबादी फरशीचा तुकडा माझ्यावर ठेवला आणि वर योगेश्वरी देवीचा फोटो मांडला.

"आता बस गपगार," म्हणाला. सहा वर्षं मी त्या ओझ्याखाली काढली.

मग बबिता मॅडम इंजिनिअर म्हणून बदलून आल्या. आल्या तशा माझ्याकडंच बघत राहिल्या.

"आश्रुबामामा, फरशी कुणी ठेवली?"

"म्याच. लई वाजती ती."

मॅडम वही घेऊन बसल्या. बिघाडात करंट किती वाहील, माणूस किती लांब उभा असेल, सगळं मांडलं. "आतली हवा क्षणात तापून फुगते, मामा. दोन फुटांवर छातीला दीड क्विंटलचा धक्का बसेल, अन् हा मोकळ्या हवेतला अंदाज. इथं तर वरची वाटच बंद. दार उडून तुमच्या अंगावर येईल."

"म्हून देवीला उठवायचं? तीच तर राखती आमाला."

"राखू द्या की. समोरच्या भिंतीवरून राखू द्या."

आश्रुबा दिवसभर फुगून बसला. मॅडमनी दिलेला चहासुद्धा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र अंघोळ करून आला, पाया पडून फोटो भिंतीवर लावला आणि स्वतःच्या हातानं फरशी उचलली. अगं बाई, काय हलकं वाटलं!

पंधराच दिवसांनी भरदुपारी पॅनेलमध्ये पाल शिरली. आश्रुबा समोर उभा राहून रीडिंग लिहीत होता. धडाड! माझे चारी स्क्रू तुटले, मी उघडले आणि जाळ माझ्या अंगावरून छताकडं गेला. दार फुगलं, पण जागेवरच राहिलं. आश्रुबा मागच्या मागं बसला, वही अजून हातातच.

मॅडम पळत आल्या. फुगलेल्या दारावर हात ठेवून त्या पांढऱ्याफटक पडल्या. "माझा अंदाज कमीच होता, मामा," म्हणाल्या आणि त्याच्याजवळ बसून रडल्या.

आता माझ्या जागी नवी झडप आहे. मी वाकडी होऊन उपकेंद्राच्या ओसरीत टेकून उभी आहे. कसलीच तक्रार नाही. मॅडमचे उपकार, की त्यांनी वेळेवर गणित मांडलं. आश्रुबाचे उपकार, की त्यानं रुसून का होईना, ऐकलं. तुम्हाला एवढंच सांगते, नवीवर काही ठेवू नका. वाजली तर वाजू द्या.

काल आश्रुबाची बायको सत्यभामा मॅडमची ओटी भरायला आली होती. मॅडमनी तिला माझ्याकडं आणलं. माझ्या काळवंडल्या पत्र्यावरून तिनं हात फिरवला, मला हळदीकुंकू लावलं.

"कान कसे आहेत मामांचे?" मॅडमनी विचारलं.

"एक गेला, मॅडम," ती डोळे पुसत हसली. "आता हाक दोनदा मारावी लागती. पण ओ येती की!"