तिसऱ्या पडद्याची भीड

मी ग्राफिक्स कार्ड बोलतोय. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तुम्हाला जे काही दिसतं, ते रंगवणारा मी. सगळं सुरळीत असलं की माझी कोणाला आठवणही नसते. पडदा काळा झाला की मात्र अख्ख्या घराला माझं नाव पाठ होतं.

माझा जन्म एका थंडगार, लख्ख कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत स्वतःला झाकून वावरायची. माणसाच्या अंगावरून सतत काहीतरी झडत असतं आणि त्यापासून मला जपावं लागतं, हे मला तिथेच कळलं. माणसांबद्दल माझं जे मत तेव्हा झालं, ते पुढे फारसं बदललं नाही.

ज्या घरात मी आलो, तिथली सूनबाई एका नर्सिंग कॉलेजसाठी शिकवणीच्या फिल्म कॉम्प्युटरवर तुकडे जोडून तयार करायची. पट्टी कशी बांधावी, जखम कशी धुवावी, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कशी बदलावी. झोपायच्या खोलीत खिडकीखाली तिचं टेबल होतं आणि त्यावर दोन पडदे. मी दोन्ही आरामात सांभाळायचो. बाई कामाची होती, एवढं कबूल करतो.

मग तिचे सासरे, अप्पा, आपला छापखाना बंद करून मुलाकडे राहायला आले. दोन पिशव्या आणि चादरीत गुंडाळलेला एक जुना मॉनिटर, एवढंच सामान.

"सगळं विकलं, हा विकला नाही," अप्पा सुनेला म्हणाले. "तुझ्या कामाला लाव. तिसरा पडदा होईल."

त्या मॉनिटरची वायर जुन्या पद्धतीची, माझ्यात बसेना. तेव्हा सूनबाईच्या नवऱ्याने दुकानातल्या टोपलीतून सगळ्यात स्वस्त कन्व्हर्टर उचलून आणला. बोटाएवढा. कन्व्हर्टर म्हणजे आमच्यातला दुभाषा. या दुभाष्याला दोन्हीकडच्या भाषा अर्ध्याच यायच्या. जुना मॉनिटर डुलकी घेऊन जागा झाला की हा मधल्यामध्ये काहीतरी बरळायचा, मला काय करावं ते सुचायचं नाही, आणि तिन्ही पडदे काळे व्हायचे. सूनबाईचं न साठवलेलं काम त्यातच जायचं.

संशय कोणावर? अर्थात माझ्यावर. घरात नवीन आलं ते काय, हे विचारायची कोणालाही गरज वाटली नाही.

नवऱ्याने इंटरनेटवर वाचून माझा ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. ड्रायव्हर म्हणजे मला हुकूम देणारा प्रोग्राम. मग जुना घातला, मग पुन्हा नवा. पडदे काळे व्हायचे ते होतच राहिले. मग दुरुस्तीवाला आला. त्याने माझ्या पंख्यांवर फुंकर मारली आणि थुंकीचे दोन थेंबही दिले.

"गरम होतंय," तो म्हणाला.

"हात लावून बघा ना," सूनबाई म्हणाली. "गार आहे."

"आतून गरम होतं, ताई. ते वरून कळत नाही."

एवढं निदान करून तो चहा पिऊन गेला.

सूनबाई मात्र मूर्ख नव्हती. एका सकाळी अप्पा फिरायला गेल्यावर तिने त्यांच्या मॉनिटरची वायर माझ्यातून काढली. दोनच पडद्यांवर काम केलं. ते परत येईपर्यंत मी एकदाही अडखळलो नाही. मला वाटलं, सुटलो. जिन्यात अप्पांची चप्पल वाजली आणि या बाईने घाईघाईने वायर परत जोडली.

अप्पा दारातून डोकावले. "कसा चाललाय माझा मॉनिटर?"

"छान चाललाय, अप्पा."

आणि अप्पा मऊ फडकं घेऊन, रोजच्यासारखा तो पुसत बसले. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं. एक वाक्य बोलायचं नाही म्हणून ही बाई केलेलं काम पुन्हा पुन्हा करत राहिली. शेवटी नवरा नवं कार्ड घेऊन आला, तेव्हाही ती गप्पच. मला उपटून फळीवर ठेवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

फळीवरून टेबल स्पष्ट दिसायचं. नवं कार्ड मोठं देखणं, अंगावर दिवेबिवे. कॉलेजच्या मॅडम त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर होत्या. जखम धुण्याची फिल्म सूनबाई त्यांना दाखवत होती. फिल्ममधल्या नर्सने बाटलीचं झाकण उघडलं आणि तिन्ही पडदे काळे झाले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

थोड्या वेळाने मॅडमचा फोन आला. "वाईट वाटून घेऊ नका, पण दर वेळी हेच होतंय. पुढच्या फिल्म दुसऱ्या कोणाकडे द्याव्यात असं चाललंय आमचं."

नवरा म्हणाला, "हेही कार्ड खराब निघालं. उद्या बदलून आणतो."

"कार्ड चांगलं आहे," सूनबाई म्हणाली. "पहिलंही चांगलं होतं." मग ती दाराकडे वळली. फडकं हातात घेऊन अप्पा तिथे उभे होते. "अप्पा, तुमचा मॉनिटर लावला की हे होतं. काढला की होत नाही."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"बरेच दिवस झाले."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज पुसता तो."

अप्पांनी हातातल्या फडक्याची घडी घातली. "पुसतो, कारण इथे मला दुसरं काही काम नाही."

मग ते टेबलामागे वाकले आणि त्यांनी वायर ओढून काढली. चुकीची. मधला पडदा गेला.

"ती नाही, अप्पा. पलीकडची."

खरं तर मॉनिटरचाही दोष नव्हता. चांगला कन्व्हर्टर आणला असता तर तोही चालला असता. पण एक अपराधी सापडला की माणसांची चौकशी तिथेच संपते. सूनबाईने मॅडमना फोन करून एक संधी मागितली आणि फिल्म पुन्हा दाखवली. काम टिकलं. आता अप्पा तिच्या शेजारी खुर्ची टाकून फिल्मखालच्या अक्षरांतल्या चुका काढतात. इतक्या काढतात, की ती कधी कधी वैतागते.

मला परत लावतील अशी मूर्खासारखी आशा मी धरून होतो. पण नवं आणलंय तर तेच राहू दे, असं ठरलं. मला विकायला काढलं.

आज गिऱ्हाईक दारात आलं. एक तरुण बाई. तिने मला उलटसुलट करून पाहिलं. "चांगलं आहे तर विकताय कशाला?"

नवरा घुटमळला. सूनबाईने मान खाली घातली. म्हटलं, झालं, आता माझ्या नावावर आणखी एक आजार लागणार.

आतून अप्पांचा आवाज आला. "त्याच्यात काही खोट नाही, पोरी. माझ्या मॉनिटरपायी बिचाऱ्याला काढलं. चूक आमची."

हेही पुरतं खरं नव्हतं. पण कोणी बोट न दाखवता या घरातल्या माणसाने पहिल्यांदाच दोष स्वतःकडे घेतला होता.

आता मी त्या बाईच्या पिशवीत आहे. तिच्याकडे पडदे किती आहेत, मला माहीत नाही. काळे झाले, तर तिने आधी एकेक वायर काढून बघावी. आणि ती वायर कोणा मोठ्या माणसाची निघाली, तर त्याच दिवशी तसं त्याला सांगावं. ऐकून घेतात म्हातारी माणसं. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच.