डाव्या कडेची रेघ

सासूबाईंनी पिशवीचं तोंड उघडून झेरॉक्सवाली सुनेपुढे धरलं. आत चाळीस हजार होते. कालपर्यंत सासूबाईंच्या हातात वाजणाऱ्या दोन सोन्याच्या बांगड्या आज नोटा होऊन गुपचूप पिशवीत बसल्या होत्या.

काउंटरपलीकडे कर्जमुक्तीचा सल्लागार बसला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, जिभेवर साखर. दुकानातलं मोठं झेरॉक्स मशीन बँकेच्या कर्जावर आलेलं. त्यातलं निम्मं तो माफ करून आणणार होता. आधी त्याची फी, मग माफी. दोन महिन्यांपूर्वी त्यानंच सांगितलं होतं, हप्ते थांबवा, बँकेचे फोन उचलू नका, म्हणजे बँक आपोआप नमते. तिनं थांबवले. घरात मात्र हप्त्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही.

"ताई, हे मंजुरीपत्र. आज सकाळीच बँकेच्या मुख्य कचेरीतून आलंय, खास तुमच्यासाठी. पण बारापर्यंत फी भरली नाही तर रद्द."

घड्याळात पावणेबारा झाले होते.

"एक कॉपी काढून घेते."

"कशाला ताई? हेच तुमच्याकडे राहणार की!" तो जरा घाईनंच म्हणाला.

"सवय आहे हो. कागद हातात आला की राहवत नाही."

पत्र काचेवर पालथं घालताना तिची नजर डाव्या कडेला अडली. वरून खाली गेलेली बारीक राखाडी रेघ, मध्ये बोटभर तुटलेली. तिच्या मशीनच्या ड्रमला ओरखडा होता आणि प्रत्येक कॉपीवर नेमकी हीच रेघ उमटायची. गिऱ्हाइकं तिच्यावरून रोज कटकट करत आणि ती "ड्रम बदलायचाय हो" म्हणून रोज वेळ मारून नेई.

मुख्य कचेरीच्या पत्रावर आपल्या मशीनची रेघ? आणि तिचं नाव तेवढं निळ्या पेनानं भरलेलं.

तिनं झाकण लावलं. मागे सासूबाई बोट ओलं करून नोटा मोजत होत्या.

"आई, जरा थांबा."

"का गं? साहेबांना काय तेवढाच उद्योग आहे? भला माणूस आहे. परवा तू जेवायला गेलेलीस ना, तेव्हा पन्नास कॉप्या काढून घेतल्या त्यांनी माझ्याकडून. सुट्टेसुद्धा परत घेतले नाहीत!"

सल्लागाराचं हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतलं गेलं.

"कसल्या कॉप्या, आई?"

"असल्याच की. नावाची जागा कोरी होती. मी म्हटलंही, अहो, नाव राहिलंय. म्हणाले, मागाहून भरतो."

"आजींचा काहीतरी घोटाळा होतोय." तो उठला आणि काउंटरवरून हात लांबवला. "आणा ते पैसे इकडे, वेळ संपत आली."

सासूबाईंचा हात निम्मा पुढे गेलाही होता. तिनं तो नोटांसकट गच्च धरला.

"मी आधी बँकेला फोन करते. माझ्या कर्जाच्या कागदांवरच्या नंबरवर. तुमच्या पत्रावरच्या नाही."

"करा! माफी गेली म्हणून समजा. जप्ती आली की माझ्या नावानं रडू नका."

तरी तिनं नंबर लावला, स्पीकर चालू केला. रिंग वाजू लागली. तो मशीनकडे झेपावला, पण झाकणावर तिचं कोपर होतं. त्यानं कोपराकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. त्यांना अजून सगळं कळलं नव्हतं, पण कागद कापायची लोखंडी पट्टी मात्र त्यांनी हातात घेतली होती.

तो गेला. खुर्ची पाडून गेला.

"बोला," फोनवर बँकेतली बाई म्हणाली.

तिनं एका दमात सगळं सांगितलं.

"असं पत्र आम्ही दिलेलं नाही. माफीसाठी आधी फी मागतो तो फसवतोच. पोलिसांत तक्रार द्या. आणि तुमचे दोन हप्ते थकलेत, त्यावर दंड लागलाय. फोन का उचलत नव्हता? आजच या, हप्ता कमी करता येतो का बघू. त्याला फी नाही."

तिनं फोन ठेवला.

"दोन हप्ते?" सासूबाईंनी विचारलं.

"तो म्हणाला, घरी सांगू नका. आणि मला लाज वाटत होती."

"माझ्या बांगड्या घेताना नाही वाटली?"

सासूबाईंनी पट्टी खाली ठेवली, पिशवी जवळ ओढली आणि थकलेल्या हप्त्यांपुरत्या नोटा मोजून तिच्यापुढे सरकवल्या.

"चप्पल घाल. आधी बँक, मग पोलीस." दारात पोचल्यावर त्या थबकल्या. "अगं, उरलेली एकोणपन्नास पत्रं कुणाकुणाच्या घरी गेली असतील? बटण मीच दाबलं होतं."