सुंदरबाईच्या गोष्टीतला हुंकार

मी एक जुनी बोलकी पेटी आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. डोक्यावर मूठ, तोंडाला जाळी, पोटात रेडिओ आणि पाठीला नखाएवढं कार्ड बसायची खाच, एवढाच माझा संसार. पण बोलायला लागले की अख्खी गल्ली गप्प बसायची.

ईश्वर सरांनी मला धुळ्याच्या बाजारातून आणलं. नरडाण्याच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथल्या शाळेच्या ओट्यावर मी पहिल्यांदा तोंड उघडलं, तेव्हा पाण्याला निघालेल्या बायाही हंडे खाली ठेवून उभ्या राहिल्या. पुढं साथ आली, शाळेला कुलूप लागलं. घरोघरी मोबाईल होते, पण ते बापांच्या खिशात आणि बाप कंपनीत. मग सर मला उचलून गल्लोगल्ली फिरवू लागले. रेडिओवरचा मुलांचा कार्यक्रम, कविता, पाढे, पाखरांची माहिती, सगळं माझ्या तोंडून. मला स्वतःला एक अक्षर वाचता येत नाही. पण ऐकलेलं कसं सांगावं, ते कोणी मला शिकवू नये.

सगळे माझं कौतुक करायचे. एक सुंदरबाई सोडून.

सुंदरबाई म्हणजे ममताची आजी. ममताची आई ती तान्ही असतानाच गेली, बाप कंपनीत पाळीवर. पोर वाढली ती आजीच्या पदराखाली आणि आजीच्या गोष्टींवर. पहिल्याच दिवशी आजीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "हाई पेटी बोलस मस्त, पन आयकस नही."

मला राग आला. पण म्हातारी खोटं बोलत नव्हती. तिच्या गोष्टीचा एक कायदा होता. एक वाक्य सांगायचं आणि थांबायचं. ऐकणाऱ्यानं "हं" म्हणायचं, म्हणजे हुंकार द्यायचा. मगच पुढचं वाक्य. हुंकार आला नाही की पोर झोपलं असं समजायचं आणि गोष्ट तिथंच ठेवून द्यायची. राजा घोड्यावर चढत असला तर रात्रभर एक पाय रिकिबीतच.

मुलांसाठी गोष्टींचा कार्यक्रम करणाऱ्या जळगावच्या एका संस्थेतून कोकिळाताई आल्या. त्यांना आजीची गोष्ट रेडिओसाठी भरून न्यायची होती. त्यांनी घरातल्या सगळ्यांना बजावलं, "कोणी आवाज करायचा नाही हं." ममता तोंडावर हात धरून बसली. आजी सुरू झाली.

"एक व्हती पोर. बापले भाकर लई निंघनी. वाटमा नदी लागनी."

आजी थांबली. ममता गप्प. आजीनं मान वळवली.

"ममता, झोपनी का?"

"नही वं आजी, जागी शे. त्या ताईनी बोलू नको सांगं ना."

"ताईले काय ठाऊक? तू हुंकार दे. नहीतं ती पोर नदीमाच उभी राही."

कोकिळाताई हसल्या. म्हणाल्या, "बरं अक्का, देऊ द्या." मग गोष्ट झाली. आजीचं वाक्य, ममताचं "हं", मध्ये कोंबड्याची बांग, आजीचं खाकरणं, सगळं भरलं गेलं. जाताना ताईंनी ती कच्ची, होती तशीच गोष्ट माझ्या कार्डातही उतरवून दिली.

रेडिओवर गोष्ट लागली त्या दिवशी सारं गाव ओट्यावर जमलं. आजी नवं लुगडं नेसून पुढं बसली. मी बोलू लागले आणि मलाच कळेना. कार्यक्रमाच्या वेळेत बसावी म्हणून ताईंनी गोष्ट स्वच्छ केली होती. कोंबडा गेला, खाकरणं गेलं, थांबणं गेलं, ममता गेली. आजी एकटीच भरधाव सुटली होती. ओट्यावरची पोरं सवयीनं "हं" म्हणायची, तोवर आजी दोन वाक्यं पुढं.

चार दिवसांनी पेपरात फोटोसह बातमी आली. गल्लीतल्या तोताराम आबांनी ती ओट्यावर मोठ्यानं वाचली, "आजीबाईंनी एका दमात सांगितलेली सुरस गोष्ट."

"एका दममा पानी पेतस आबा, गोट नही," आजी म्हणाली. "ती रेडिओमानी बाई कोनले सांगी राहिनी? भितडाले?"

लोक हसले. आजी हसली नाही. घरी जाऊन तिनं ममताला तीच गोष्ट पुन्हा सांगितली, सगळ्या हुंकारांसकट.

पुढच्या थंडीत सुंदरबाई गेली.

आजीचे दिवस झाल्यावर ममता माझ्याजवळ आली. सरांना विचारून तिनं मला ओट्याच्या कोपऱ्यात नेलं आणि कच्ची गोष्ट लावली. त्यात नदीपाशी आजी तिला नावानं हाक मारायची. त्या हाकेला उत्तर देणारी ममता माझ्या पोटात होती, तरी ओट्यावरची ममताही दर वेळी उत्तर द्यायची, "जागी शे." दोन्ही "जागी शे" एकदम निघायचे. शाळा सुटली की रोज हेच. मित्रांनो, मी पुष्कळ शहाणपणाचं बोलले आहे, पण इतकं कामाचं कधीच नाही.

आणि मग परीक्षेचे नवे धडे आले. माझं कार्ड भरलेलं. सरांनी पाहिलं, तर आजीची गोष्ट दोनदा. रेडिओवरची स्वच्छ त्यांनीच नंतर त्यात घातली होती. दुसरीत कोंबडा, खोकला आणि मधूनमधून "हं हं". त्यांनी ती दुसरी पुसली. माणूस वाईट नाही. उलट ममताला बोलावून म्हणाले, "तुझ्या आजीची चांगली प्रत जपून ठेवली बघ."

ममतानं ती लावली. गोष्ट नदीपाशी आली तशी ममता सावरून बसली. आजी न थांबता नदी ओलांडून गेली.

पोर रडली नाही. तिनं मला परत सुरुवातीला नेलं. या वेळी तिनं हुंकार दिलाच नाही. ओठ घट्ट मिटून बसली, की आजी रागावेल, विचारेल. आजी रागावली नाही. सांगतच राहिली, भिंतीला सांगावं तशी.

सरांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. त्यांनी जळगावला फोन लावला. गोष्ट स्वच्छ झाल्यावर कच्ची कोणी ठेवली नव्हती. ठेवावी, असं कोणाला वाटलंच नव्हतं.

आता शाळेत मोठा टीव्ही आला आहे. तो चित्रं दाखवतो, मिरवतो. मी कपाटात असते, तोतारामांनी वाचलेल्या त्याच पेपरात गुंडाळलेली. मला त्याचं दुःख नाही. जुनं झालं की कपाट मिळतंच. मला दुःख याचं, की अख्ख्या गावाचे आवाज काढणारी मी, मला आजीची ती हाक परत काढता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणाचा आवाज भरून ठेवलेला असेल. त्यातलं खोकणं, थांबणं, मध्येच कोणाला तरी हाक मारणं कचरा समजून झाडू नका. पुसण्याआधी घरातल्या सगळ्यात लहान माणसाला एकदा विचारा. आणि ज्यांच्या गोष्टी अजून तोंडी चालू आहेत, त्यांना हुंकार द्या. ती माणसं तेवढ्यासाठीच थांबलेली असतात.

ममता अजून येते. पेपर सोडते, मला मांडीवर घेते. नदी लागली की माझं बटण दाबून आजीला थांबवते. ती आपला आवाज जाड करते, आजीसारखा, आणि विचारते,

"ममता, झोपनी का?"

मग आपल्याच बारीक आवाजात सांगते,

"नही वं आजी, जागी शे."

आणि पुन्हा बटण दाबते.