आठ अंश उशिरा

हिरवी, जुनी शेव्हेल गाडी स्टॉप साइनवरून निघायची ती निरोप घेणाऱ्या पाहुण्यासारखी. निघते निघते म्हणत उंबऱ्यातच. शशिकांतने पाय दाबला की आधी एक धाप, मग विचार, मग कुठे हालचाल. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न मारेपर्यंत सुनेत्रा पर्समध्ये काहीतरी शोधत बसायची. एकदा वेग आला की मात्र तीच गाडी अंगात आल्यासारखी सुटायची. वरची ताकद मुबलक, खालची अजिबात नाही. आवाज असा की कॅनडातल्या ग्वेल्फमधल्या त्यांच्या शांत गल्लीतली कुत्री भुंकायला लागावीत, आणि चाल बाळंतिणीची.

दुसऱ्या कोणाची गाडी असती तर सुनेत्रा पोट धरून हसली असती. पण या इंजिनावर पैज लागलेली होती.

गोष्ट आदल्या उन्हाळ्यातली. मिल्टनला निघालेला शशिकांत ओकव्हिलच्या एका पार्किंगमध्ये पोचला आणि तिथून त्याने फोन केला. म्हणाला, मी कुठे चाललो होतो गं? विनोद करावा तशा आवाजात. मग रिकामा कुकर स्टोव्हवर राहिला. मग टोरंटोहून आलेल्या ऊर्मीला, पोटच्या पोरीला, त्याने जेवताना दोनदा सुहासिनी म्हणून हाक मारली. सुहासिनी त्याची बहीण, साताऱ्याला असते. ऊर्मी बेसमेंटमध्ये जाऊन रडली आणि वर येऊन म्हणाली, "आई, बाबा नीड्स टू सी समवन." फॅमिली डॉक्टरने मेमरी क्लिनिकचं नाव काढलं.

शशिकांत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होता. मंदीत कारखाना बंद पडेपर्यंत त्याचा जन्म दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेला. त्यामुळे आपली तपासणी कोणी करावी हे त्याला पटेना. गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं कव्हरखाली झोपलेली शेव्हेल होती. तिच्याकडे बोट करून तो म्हणाला, "हिचं इंजिन मी एकट्याने खोलून पुन्हा बांधतो. नीट चाललं तर त्या क्लिनिकचं नाव या घरात काढायचं नाही. नाही चाललं तर तू नेशील तिथे गुपचूप येतो."

सुनेत्राने हो म्हटलं. पैज मारायची आणि समोरच्याने जिंकावं म्हणून देवाला साकडं घालायचं, असा तिचा त्या हिवाळ्यातला नेम झाला.

मे महिन्यात इंजिन गरजलं तेव्हा तिने खरोखर साखर ठेवली देवापुढे. ती विरघळायच्या आत पहिली चक्कर झाली आणि शशिकांतचा चेहरा उतरला. तेव्हापासून त्याने काय काय नाही केलं. ठिणगीचं टायमिंग पुढे-मागे केलं. कार्ब्युरेटर उघडून साफ केला. कुठून हवा आत येते का म्हणून नळ्यांवर फवारे मारले. रोज संध्याकाळी हात पुसत आत यायचा आणि न विचारता सांगायचा, की फार काही नाही, उद्या होईल. सुनेत्रा पोळ्या लाटत हं म्हणायची. तिला इंजिनातलं कळत नव्हतं. पण उद्या होईल म्हणणाऱ्या माणसाचा आवाज तिला कळत होता.

शेवटी तिनेच शेजारच्या किचनर गावी राहणाऱ्या राजरत्नला फोन केला. राजरत्न नागपूरचा, कारखान्यात शशिकांतच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. शनिवारी तो गेज घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "काय करून राहिले शशीभाऊ? इंजिन आहे का भजनी मंडळ? नुसता आवाज."

त्याने एकेका सिलिंडरचा दाब मोजला. आठही कमी, आणि आठही सारखेच कमी. एखादा झडपेचा किंवा रिंगचा दोष असता तर एकच सिलिंडर आजारी पडला असता, असं तो सुनेत्राला समजावत होता. इथे अख्खं घराणं अशक्त, म्हणजे दोष मुळाशी. झडपा उघडायला-मिटायला उशीर होतोय. खाली, कमी वेगात, घेतलेली हवा दाबण्याआधीच परत निसटते. वर, जोरात पळताना, तिला निसटायला सवड मिळत नाही, म्हणून तिथे सगळं ठीक वाटतं.

शशिकांत गॅरेजच्या कपाटाकडे वळला. त्याने पाने काढले आणि रेडिएटरपासून सुरुवात केली.

पुढचं झाकण निघालं तेव्हा दुपार कलली होती. आत साखळी, आणि साखळीत दोन दातेरी चाकं. खालच्या छोट्या चाकाच्या आतल्या कडेला बऱ्याच खाचा होत्या. चाक कुठल्या खाचेत अडकवलं यावर झडपा लवकर उघडणार की उशिरा, ते ठरतं. बरोबरच्या खाचेशी मशीन शॉपवाल्याने लाल रंगाचा ठिपका दिलेला होता. ठिपका तेलाखालीही स्पष्ट दिसत होता. पण चाक त्या खाचेत नव्हतं. भलत्याच खाचेत होतं, आणि त्या खाचेशीही एक पुसटसा लाल ठिपका होता.

"आठ अंश लेट," राजरत्न हळूच म्हणाला. ही चूक शिकाऊ पोराची, हे त्याने म्हटलं नाही. शशिकांत त्या ठिपक्याकडे बघत राहिला. कपाळावर घाम, आणि डोळ्यांत ओकव्हिलच्या पार्किंगमधली ती नजर.

आणि सुनेत्राला एकदम आठवलं. खंडेनवमी. गॅरेजमधल्या टेबलावर इंजिनाचे सगळे भाग पांढऱ्या चादरीवर मांडलेले, आणि आपण ताम्हन घेऊन उभी. पाना, हातोडा, पिस्टन, एकेकाला हळदीकुंकू. कुंकू तेलात कालवलेलं, नाहीतर लोखंडाला धरत नाही. त्या छोट्या चाकालाही अनामिकेने एक बोट लावलं होतं, नेमकं या भलत्या खाचेशी. दुसऱ्या दिवशी शशिकांतने बांधणी सुरू केली होती.

"अहो, ते कुंकू होतं," ती म्हणाली. "माझं. तुम्ही माझा ठिपका धरलात."

दोघंही चाकावर वाकले. मग राजरत्न हसत सुटला. म्हणाला, वहिनी, आमच्याकडे पूजा नाही तेच बरं, तुमचं कुंकू आठ अंशांनी लेट चालतं. शशिकांतही हसला. सुनेत्राला इतकं हलकं वाटलं, की चूक आपली निघाल्याचा एवढा आनंद तिला उभ्या आयुष्यात झाला नव्हता. कुंकवाने फसवलं. कोणीही फसला असता. पैज सुटली.

ती चहाबरोबर हात पुसायला फडकी आणावीत म्हणून गॅरेजच्या कपाटाशी गेली. फडक्यांच्या मागे एक चपटं, गोल पाकीट होतं. अंश कोरलेली पत्र्याची तबकडी. चाक बरोबर बसलं की नाही, हे झाकण लावण्याआधी तपासायची. कारखान्यात असताना शशिकांत म्हणायचा, खूण फसवते, माप फसवत नाही. ही तबकडी आली त्या दिवशी त्याने तिला ती कौतुकाने दाखवली होती.

पाकिटाचं प्लास्टिक उघडलेलंसुद्धा नव्हतं.

सुनेत्राने फडकी परत वर ठेवली. नीट दाबून ठेवली. वळली, तर शशिकांत मागेच उभा.

"राहू दे," तो म्हणाला. "मघाशीच दिसली मला, पाने काढताना."

राजरत्न तिकडे साखळी काढत होता, त्याची शीळ ऐकू येत होती.

"कुंकू माझंच होतं," सुनेत्रा म्हणाली.

"होतं की. पण मी तबकडी लावली होती. मला आठवतंय सुनेत्रा. थंडी होती, बोटं गारठली होती, तू कॉफी घेऊन आलीस. आकडा पाहिला मी. अगदी स्पष्ट आठवतंय."

सुनेत्रा तबकडीच्या आड तशीच उभी राहिली. फडक्यांच्या घडीवरचा तिचा हात तिने काढला नाही, एवढंच.

रविवारी दोघा मित्रांनी चाक बरोबर खाचेत बसवलं. या खेपेला तबकडी लावून, आणि आकडा राजरत्नने मोठ्याने वाचून. पहिल्या चकरेला सगळे बसणार तेवढ्यात शशिकांतने किल्ली सुनेत्राच्या हातात ठेवली आणि दुसऱ्या बाजूने जाऊन बसला. राजरत्न मागच्या सीटवर सरकला.

कोपऱ्यावरच्या स्टॉप साइनला तिने पाय जरासा दाबला, आणि शेव्हेलने अशी काही झेप घेतली, की तिचं डोकं मागे सीटवर आपटलं. मागे राजरत्न नागपुरी शिवी देऊन मग सॉरी म्हणाला. शशिकांतने डोळे मिटले होते. इंजिन ऐकत होता तो, ओळखीचं माणूस जिन्यावरून येताना ऐकावं तसं.

"ओढतेय आता," तो म्हणाला. मग खिडकीबाहेर बघत, "ऊर्मीला कुंकवाचं सांग. हसेल ती. तबकडीचं मी क्लिनिकमध्ये सांगतो."

सुनेत्राने मान हलवली. पुढचा स्टॉप येत होता. तिने फार आधीपासूनच वेग कमी करायला घेतला.