बाणातला ण

"काढ्याचं पातेलं घासून मग नीघ हं, मोनिका," आतल्या खोलीतून पुष्पावतीबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, मधात बुडवलेला.

मोनिकाने बॅगेची चेन खसकन ओढली. सात वर्षं! पुण्यात बाईंच्या घरी राहून सात वर्षं ती गाणं शिकली, आणि निघतानाचा आशीर्वाद काय, तर पातेलं. त्याच्या बुडाला ज्येष्ठमधाचा काळपट, बुळबुळीत थर धरायचा. तो नखाने खरवडताना तिला रोज मळमळायचं. शी! गालिच्याचा कुबट वास, मोरीच्या जाळीत अडकलेले बाईंचे मेंदीने लाल झालेले केस, आणि शिष्यांचं ते उठता बसता "वा बाई, वा!" सगळ्याचीच शिसारी आली होती तिला.

पण सगळ्यात जास्त शिसारी होती ती एका अक्षराची.

तिसगावहून आली त्या पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "बाई, पानी कुठंय?" दोन शिष्या तोंडावर ओढणी धरून फिसकन हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला समोर बसवलं.

"पानी नाही, पाणी. नळातला न वेगळा, बाणातला ण वेगळा. जीभ वर वळव. म्हण."

तिने म्हटलं. मग म्हणतच राहिली. पाणी, लोणी, कोण, म्हणून. लसूण सोलताना, बाईंचे पाय चेपताना, इतकं की झोपेतसुद्धा जीभ टाळूकडे वळायची. आणि मजा म्हणजे याच बाई तानपुरा जुळला की बंदिशीत 'चरन' काय, 'गुन' काय, 'पनिया' काय, खुशाल गायच्या! तिथे तो न गोड. तिसगावच्या पोरीच्या तोंडात तोच गावंढळ.

मागच्या रविवारी बाईंच्या वार्षिक कार्यक्रमात सात वर्षांत पहिल्यांदा तिला तानपुऱ्यामागून पुढे बसवलं होतं. बंदिशीचा पहिलाच शब्द होता 'मन'. समोर एवढी माणसं बघून जीभ घाबरली, आणि घाबरलेली जीभ शिकवलेल्या वाटेने गेली. मोनिकाने षड्जावर लांबलचक, सुरेल सूर लावला: "मण..."

पुढच्या रांगेतून एकजण म्हणाला, "किती मण? कांदे की ज्वारी?"

हॉल हसला. आणि सगळ्यांच्या आधी, माईकवर ऐकू येईल असं, कोण हसलं? बाई.

"राहू दे. मागे बस," त्या म्हणाल्या आणि तिथूनच बंदिश त्यांनी उचलली.

मोनिका मोरीत गेली. पातेलं उचललं, न घासता बाहेर आणलं आणि बाईंच्या लाडक्या तानपुऱ्याशेजारी, त्या गालिच्यावर, ठेवून दिलं.

"बाई, येते."

"गावाला जाऊन करणार काय? भजनी मंडळ?"

"व्हय," मोनिका म्हणाली. "आईच्या मंडळात म्हणीन. तिथं मला हसणारं कुणी न्हाई."

'व्हय'! सात वर्षांनी तो शब्द तोंडात आला आणि तिला वाटलं, चला, आपलं आपल्याला परत मिळालं. जिना उतरताना ती चार वेळा 'व्हय, व्हय' म्हणाली.

पाथर्डीची गाडी करंजीचा घाट उतरली. कंडक्टर ओरडला, "तिसगाववाले कोन हायेत? चला म्होरं!"

'कोण,' मोनिका मनात म्हणाली. आणि तिने जीभ कचकन चावली.

दारात आई तांब्या घेऊनच उभी होती. कागदावर चांगुणा, गावात सगळ्यांची चांगुना. भजनात तिने आवाज लावला की चावडीपर्यंत जायचा.

"आली का गं बया! किती वाळली. पानी पी आदी."

"पाणी, आई."

तांब्या हातात यायच्या आत शब्द निघून गेला होता. स्वच्छ, घोटीव, मधात बुडवलेला. हुबेहूब बाईंचा.

"व्हय, त्येच की," चांगुणा हसली. उगाच पदर सारखा केला. "बस. जे... भाकर टाकते गरम. खाती ना?"

जेवण म्हणायचं होतं तिला.

"सांच्याला मंडळाच्या समद्या बाया यायच्यात. म्या सांगून ठिवलंय, माझी मोनिका आली की..." चांगुणा थांबली. पुढचा शब्द गानं होता. तो तिने गिळला. "आली की बसू म्हटलं जरा."

चिखलातून नवी चप्पल जपत चालावं तशी आई बोलत होती. ण आला की बाजूने जायचं. आपल्याच ओट्यावर, आपल्याच पोरीसमोर. या वेळी बाईंची नाही, मोनिकाला स्वतःचीच शिसारी आली.

ती घटाघटा पाणी प्यायली. अजून मागावं, आईच्याच शब्दात मागावं, म्हणजे फिटेल सगळं.

"आई, अजून पा..."

जीभ टाळूला जाऊन टेकली. तिने ती खाली ओढली, दातांमागे आणली. पुन्हा वर गेली. शेवटी तिने रिकामा तांब्या नुसताच पुढे केला.

"थांब," म्हणत चांगुणा तो घेऊन आत गेली.

रांजणात तांब्या बुडल्याचा आवाज आला. मग अंधाऱ्या कोपऱ्यातून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, एकेक अक्षर चाचपत आई म्हणत होती, "पा... णी. पानी. न्हाई, पा... णी."